केबलिंगचं डिझाईन वेगळं करून घ्यावं का? एका सल्लागार सेवेचा अनुभव

चार मजली ऑफिसची इमारत, प्रत्येक मजला साधारण ७० बाय २५ मीटर, आणि डेटा केबलिंग सगळं नव्यानं. आयटी माझ्याकडे, म्हणून हेही काम माझ्याच गळ्यात. एरवी केबल ओढणारा ठेकेदारच पॉइंट (केबल जोडायची सॉकेटं) कुठे द्यायचे, केबलचे बॉक्स किती लागतील हे ठरवतो. या वेळी आम्ही डिझाईन एका सल्लागार कंपनीकडून वेगळं करून घेतलं. ही मंडळी केबल विकत नाहीत की वायरमन पुरवत नाहीत. पाहणी, ड्रॉइंग, बीओक्यू (लागणाऱ्या माल-कामाची मोजमापांसह यादी) आणि काम झाल्यावर तपासणी, एवढंच त्यांचं काम. मी एकंदरीत खूश आहे, पण दोन तक्रारीही आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी पॉइंट किती हे विचारलंच नाही. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर हब रूम, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या केबली जिथे येतात ती खोली, शोधली. ती होती इमारतीच्या एका टोकाच्या कोपऱ्यात, कारण ती जागा दुसऱ्या कशाच्या उपयोगाची नव्हती. हब रूममधल्या पॅच पॅनलपासून (केबली जोडायची सॉकेटांची पट्टी) टेबलाजवळच्या सॉकेटपर्यंतची केबल ९० मीटरच्या वर जाता कामा नये, आणि हे अंतर सरळ रेषेत नाही, केबली ठेवायच्या ट्रेच्या वाटेनं मोजायचं: पॅनल बसवलेल्या रॅकमधून वर, ट्रेमधून आडवं, काटकोनात वळून पुढे, मग टेबलापाशी खाली. त्या हब रूममधून समोरच्या कोपऱ्यातलं टेबल गाठायचं तर ७० अधिक २५, वर-खाली मिळून ६, झाले १०१ मीटर. रॅकपाशी सोडायचा जादा केबलचा लूप आणखी वेगळाच. आमचा ठेकेदार म्हणत होता, "साहेब, १०० मीटरपर्यंत आरामात चालतं." पण त्या १०० मध्ये दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे (जोडणीच्या सुट्या केबलींचे) १० मीटर धरलेले असतात. कायमच्या केबलच्या वाट्याला ९०च येतात.

हब रूम लांब बाजूच्या मधोमध आणल्यावर सगळ्यात लांबचा पॉइंट ६६ मीटरवर आला. चारही मजल्यांच्या हब रूम एकावर एक घेतल्या, त्यामुळे मजल्यांमधून केबली वर नेणारा शाफ्टही सरळ झाला. आर्किटेक्टला तिथे मीटिंग रूम हवी होती, त्यावरून बरीच ओढाताण झाली. ड्रॉइंगवर प्रत्येक कोपऱ्याचं अंतर लिहिलेलं असल्यानं शेवटी त्यांनाच माघार घ्यावी लागली. माझ्या मते कंपनीची फी इथेच वसूल झाली. एकदा भिंती उभ्या राहिल्या की हब रूम हलवायचं कुणी नाव काढत नाही. मग लांबच्या चार टेबलांसाठी मधेच कुठेतरी छतात नेटवर्क स्विच लटकवला जातो आणि तो बंद पडला की शिडी शोधत फिरावं लागतं.

केबल कुठली घ्यायची यावर ठेकेदाराचं म्हणणं सगळीकडे कॅट ६, तर एका विक्रेत्याचं सगळीकडे त्याच्या वरच्या श्रेणीची कॅट ६ए. सल्लागारांनी दोन्ही मानलं नाही. टेबलांना कॅट ६, कारण तिथे १ गिगाबिटचा वेग पुरतो आणि उद्या २.५ किंवा ५ लागलंच तर २०१६ साली आलेलं त्याचं मानक आधीच बसवलेल्या कॅट ५ई आणि कॅट ६ केबलवर चालावं म्हणूनच बनवलेलं आहे. वायफायच्या ॲक्सेस पॉइंटला मात्र कॅट ६ए, तीही प्रत्येकी दोन. कॅट ६ वर १० गिगाबिट फार तर ५५ मीटर जातं आणि केबलचे जुडगे दाटीवाटीनं बांधले असतील तर त्याहून कमी. कॅट ६ए वर ते पूर्ण १०० मीटर जातं. पण ती केबल जाड, ट्रे लवकर भरतो, वळणाला जागा जास्त लागते. गरज आहे तिथेच ती वापरणं मला पटलं. सगळीकडे ६ए हवं म्हणणारेही भेटतील. ज्यांच्या टेबलांवर मोठ्या व्हिडिओ फाइली फिरतात त्यांनी खुशाल घ्यावी.

मजल्यांमधलं फायबर, पॉवरच्या ट्रेपासूनचं अंतर, शाफ्टमधल्या भोकांना फायर सीलंट हे सगळं ड्रॉइंगमध्ये नीट होतं. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी गोष्ट आहे साइटवरच्या तपासणीची. बीओक्यूमध्ये 'पूर्ण तांब्याची केबल' असं स्पष्ट लिहिलं होतं. माल आल्यावर त्यांच्या इंजिनिअर बाईंनी एका बॉक्समधली हातभर केबल कापली, एक तार सोलली आणि ब्लेडनं खरवडली. वरची लाली गेली आणि आत चंदेरी रंग निघाला: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार ठिसूळ असते, तिचा रोध जास्त असतो आणि केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे किंवा ॲक्सेस पॉइंट लावले की ती जास्त तापते. २०१८ च्या मानकानुसार एका केबलमधून स्विचच्या टोकाला ९० वॉटपर्यंत वीज सोडता येते, तेव्हा हा नुसता काटेकोरपणा म्हणून सोडून देता येत नाही. ठेकेदार आधी "अहो, सगळीकडे हीच जाते" म्हणाला, मग निमूटपणे बॉक्स बदलून घेऊन आला. केबल तापू नये म्हणूनच जुडगेही २४ केबलींच्या वर बांधू दिले नाहीत. प्लॅस्टिकचे टाय करकचून आवळलेले दिसले की बाई स्वतः कापायच्या आणि वेल्क्रो लावायला लावायच्या.

टेस्टिंगला तर खरी मजा आली. वायरमनकडे आठ दिव्यांचा छोटा टेस्टर. "दिवे ओळीनं पेटले ना, मग झालं." दिवे फक्त तारा आपापल्या जागी जोडल्यात एवढंच सांगतात. सल्लागारांनी सर्टिफायर, म्हणजे केबलमधला सिग्नल मोजणारं मशीन, आणून प्रत्येक लिंक तपासायला लावली. तिसऱ्या मजल्यावरचा एक पॉइंट दिव्यांच्या टेस्टरवर पास, सर्टिफायरवर मात्र नापास, कारण तारांच्या एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपत होता. दोष रॅकच्या टोकाला आहे हेही मशीननंच दाखवलं. पॅनलच्या मागून पाहिलं तर पंचिंग करताना (तारा पॅनलमध्ये दाबून बसवताना) जोड्यांचा पीळ चांगला दोन बोटं उसवलेला. मर्यादा आहे १३ मिलिमीटरची. पीळ शेवटपर्यंत ठेवून पुन्हा पंच केलं आणि तीच केबल पास झाली. काही रिपोर्टमध्ये 'पास' पुढे तारांकन असतं. म्हणजे निकाल मशीनच्या अचूकतेच्या काठावर आहे. तसे पॉइंटही त्यांनी पुन्हा करून घेतले. ठेकेदार वैतागला, पण कामाचा दर्जा तिथून पुढे एकदम सुधारला.

आता तक्रारी. पहिली म्हणजे त्यांचं सगळं लक्ष टेबलांवर आणि वायफायवर. दरवाज्यांचे कार्ड रीडर, कॅमेरे, मीटिंग रूममधले स्क्रीन यांची यादी त्यांनी आमच्याकडून वेळेत मागितलीच नाही. हे पॉइंट मागाहून वाढले आणि दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमधला ट्रे पहिल्याच दिवशी निम्म्याच्या आसपास भरला. डिझाईन करताना ४० टक्के धरायचे आणि बाकी जागा पुढच्या वाढीला ठेवायची, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. वर या बदललेल्या ड्रॉइंगचे पैसे वेगळे लावले. ते मला मुळीच आवडलं नाही.

दुसरी तक्रार ॲज बिल्ट, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या ड्रॉइंगची. लेबलांची पद्धत उत्तम: मजला, रॅक, पॅनल, पोर्ट, या क्रमानं. केबलच्या दोन्ही टोकांना आणि सॉकेटच्या फेसप्लेटवर एकच नंबर. पण ड्रॉइंग हातात पडलं तोवर लोक बसायला आले होते, आणि तिसऱ्या मजल्यावर ठेकेदारानं ऐन वेळी आपसात बदललेली दोन पॅनलं ड्रॉइंगवर जुन्याच जागी होती. फोन केल्यावर त्यांनी तक्रार न करता दुरुस्त करून दिलं, तरी तोपर्यंत आमच्या आयटीतला मुलगा भलतेच पोर्ट उपटत होता.

एका मजल्यावर वीस-पंचवीस टेबलं असलेल्या ऑफिसला ही सेवा घ्यायची गरज नाही. चांगला ठेकेदार आणि भाड्यानं आणलेला सर्टिफायर एवढ्यात भागतं. मजले एकाहून जास्त असतील आणि भिंती अजून कागदावरच असतील तर जरूर घ्या. करारात दोन वाक्यं मात्र घालून घ्या: कॅमेरे आणि दरवाज्यांसकट सगळ्या पॉइंटांची यादी पहिल्या ड्रॉइंगआधी पक्की होईल, आणि रॅकशी ताडून पाहिलेलं ॲज बिल्ट ड्रॉइंग मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता निघणार नाही.