जुना डर्ट बाइक कॅरिअर घेताय? आधी नळीत टॉर्च मारून बघा

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात जुना हिच कॅरिअर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीत (हिचमध्ये) खोचून त्यावर बाइक नेण्याची चौकट, शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मला जो विकला गेला तो नुसता झिजलेला किंवा जुना नव्हता. तो मुद्दाम बनवलेला खोटा माल होता आणि तसाच दुसरा अजूनही कुणाच्या गळ्यात मारला जात असेल.

माझी बाइक होंडा सीआरएफ 250 एफ, वजन 265 पाउंड, म्हणजे सुमारे 120 किलो. टोयोटा हायलँडरला मागे 2 इंची रिसीव्हर, म्हणजे कॅरिअर खोचायची चौकोनी नळी, आहे आणि व्ही-6 इंजिनाच्या त्या गाडीची टोइंग (ओढण्याची) क्षमता 5,000 पाउंड. ट्रेलर ठेवायला जागा नाही, म्हणून कॅरिअर बघत होतो. ऑनलाइन जाहिरात दिसली: 'स्टीलचा, 600 पाउंड पेलणारा, जेमतेम वापरलेला', 220 डॉलर. माणूस बोलायला एकदम गोड. स्वतः बाइक चालवतो म्हणाला, पट्ट्या कशा आवळायच्या तेही समजावून सांगितलं. काळा रंग कोरा करकरीत, मधल्या दांड्यावर '600' चा स्टिकर, रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकचं बूच. पैसे मात्र त्याला पेपॅलच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली'तूनच हवे होते, 'फी वाचते' म्हणून. तशा पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण मिळत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कार्नेगीच्या ऑफ-रोड पार्ककडे जाताना लिव्हरमोरहून टेस्ला रोड लागतो. वळणांचा, चढउताराचा रस्ता, सायकलवालेही बरेच असतात. मागून येणाऱ्या मित्राचा फोन आला, "अरे, आधी बाजूला घे, बाइक मागे कलतेय!" उतरून पाहिलं तर कॅरिअर नाक खाली घालून लोंबत होता. रिसीव्हरच्या तोंडापासून वीतभर मागे रंगाला आडवी भेग पडली होती. नखाने खरवडल्यावर रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली पिवळसर पुट्टी आणि पुट्टीखाली गंज. दोघांनी मिळून बाइक उतरवली आणि मित्र पिकअप ट्रक मागवेपर्यंत तिथेच थांबलो. ती 120 किलोंची बाइक रस्त्यावर सुटली असती तर मागे कोण असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. संताप आहे तो याचा. 220 डॉलर गेले तर गेले.

नंतर एका वेल्डरकडे नेला. त्याने बूच उपटलं आणि आत टॉर्च मारला. नळीच्या आत नळी! मूळ कॅरिअर सव्वा इंची होता, त्यावर 2 इंची चौकोनी नळीचं कवच चढवून कडेने वेल्ड मारला होता. वेल्ड नुसता वरवर चिकटलेला, आतल्या धातूत शिरलेलाच नाही. कवच जिथे संपतं नेमकी तिथेच आतली नळी वाकली होती. स्टिकर खरवडला तर खाली रिव्हेटची दोन भोकं, म्हणजे मूळ कंपनीची क्षमतेची पट्टी काढून टाकलेली.

यात धोका किती ते नीट सांगतो. सव्वा इंची हिच क्लास 1 किंवा 2 ची, म्हणजे हलक्या दर्जाची असते आणि तिच्यावर उभा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, साधारण 200 ते 350 पाउंडच चालतो. बाइक 265, कॅरिअरचं स्वतःचं वजन 75, झाले 340. शिवाय हे वजन कॅरिअर अडकवणाऱ्या पिनेपासून फूट-दीड फूट मागे लटकतं, त्यामुळे सांध्यावरचा ताण नुसत्या आकड्यापेक्षा बराच जास्त. प्रत्येक खड्ड्यात तो आणखी वाढतो.

म्हणून जुना कॅरिअर बघायला दिवसाउजेडी जा. बूच काढायला सांगा, नळीची भिंत एकेरी आहे का ते बघा, सांध्यांवर चुंबक फिरवा. पुट्टी जाड असेल तिथे तो धरत नाही. ताजा रंग दिसला की जुने फोटो मागा. विकणारा बूच काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. आणि कॅरिअर चोख असला तरी गाडीची मर्यादा वेगळी तपासा. आपल्यात होंडा सीआर-व्ही बऱ्याच जणांकडे आहे. तिची इथली टोइंग मर्यादा जास्तीत जास्त 1,500 पाउंड, म्हणजे टंग वेट फार तर 150 च्या आसपास. तिला 2 इंची रिसीव्हर बसतो म्हणून 'चालेल' सांगणारे भेटतात. नाही चालत. गाडी, हिच आणि कॅरिअर यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच खरा.

त्या माणसाचं प्रोफाइल आता दिसत नाही, फोन लागत नाही. कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्स कोर्टात व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंतचा दावा करता येतो आणि 1,500 पर्यंतच्या दाव्याची फी 30 डॉलर आहे, पण समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. वाकलेला सांधा कापून पुरावा म्हणून ठेवलाय, उरलेलं लोखंड भंगारात घातलं. काळा कोरा रंग, '600' चा स्टिकर आणि तोंडाला बूच असा कॅरिअर कुठल्या जाहिरातीत दिसला तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा.