आर्मेनियन की डॅनिश? दोन्ही भाषा वर्षभर शिकल्यावरचा अनुभव

नवी भाषा निवडताना बरेच जण अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा तक्ता उघडतात. त्यात डॅनिश सोप्या गटात आहे. आर्मेनियन अवघड गटात, ४४ आठवडे म्हणजे साधारण ११०० तासांची. डॅनिशला साधारण निम्मा वेळ लागतो असं तो तक्ता सांगतो. ऑफिसच्या कामामुळे डॅनिश आणि धाकटी बहीण आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, डॉक्टरकी शिकते म्हणून आर्मेनियन, अशा दोन्ही भाषा मी गेलं वर्षभर शिकतेय. माझं ठाम मत झालंय की हा तक्ता इंग्रजी मातृभाषेच्या माणसासाठी आहे. मराठी कानाचा आणि मराठी जिभेचा हिशेब वेगळा आहे.

आर्मेनियनची लिपी बघूनच लोक माघार घेतात. घेऊ नका. मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूंनी इ. स. ४०५ च्या सुमारास ३६ अक्षरं घडवली, पुढे भर पडून आज ती ३९ धरतात. रोज थोडा वेळ दिला तर महिन्याच्या आत वाचन जमतं. बऱ्याच शब्दांत ‘अ’ लिहीतच नाहीत, तो आपण मनाने घालायचा. पेनला म्हणतात ‘गरिछ’, पण लिहितात ग्‌-र्‌-इ-छ्‌. व्यंजनात ‘अ’ गृहीत धरायची सवय असलेल्या आपल्याला हे फार खटकत नाही.

खरा फायदा उच्चारांत आहे. पूर्वेकडच्या, म्हणजे आर्मेनियात चालणाऱ्या आर्मेनियनमध्ये ब-प-फ, द-त-थ, ग-क-ख हे सगळे निरनिराळे, प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर. माझ्या ऑनलाइन वर्गातले इंग्रजीभाषक प आणि फ वेगळे ऐकण्यातच अडकून पडले होते, आपल्याला तो धडाच लागत नाही. पुढची गोष्ट तर खास मराठी माणसासाठीच असावी अशी. चमच्यातला च आणि चिमणीतला च, जाळ्यातला ज आणि जिभेतला ज, हे दोन्ही प्रकार या भाषेत आहेत. झाडाला ‘चार’ म्हणतात, मात्र त्यातला च चमच्यातला. अंड्याला ‘जू’, त्यातला ज जाळ्यातला. हिंदीभाषकाला हे उच्चार मुद्दाम कमवावे लागतात. घशातून येणारे ख आणि ग मात्र आपल्यालाही घोटावे लागतात.

व्याकरणात प्रत्ययांची रांग बघून घाबरायचं कारण नाही. ‘येरेवानुम’ म्हणजे येरेवानमध्ये, ‘येरेवानित्स’ म्हणजे येरेवानहून, ‘गरिछोव’ म्हणजे पेनाने. आपल्या विभक्ती जशा शब्दाला चिकटतात तशाच या. ‘येस ग्नुम एम’ हे तर सरळ ‘मी जात आहे’. शिवाय लिंगभेद नाही. तो, ती दोघांनाही ‘ना’. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाचे जे हाल होतात, ते इथे होत नाहीत.

शब्दसंग्रह मात्र जड जातो. भाषा आपल्याच इंडो-युरोपीय कुळातली, पण तिची स्वतःची वेगळी शाखा आहे. ती इराणी बोली नव्हे हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ ह्युब्शमान यांनी १८७५ मध्ये दाखवून दिलं. इराणी भाषांतून आलेले शब्द तेवढे ओळखीचे वाटतात: हझार, अझात (आझाद), शखार (साखर). बाकी पाठांतराला पर्याय नाही. ‘श्नोर्हाकालुत्युन’ म्हणजे आभार. तो जिभेवर बसेपर्यंत ‘मेर्सी’ म्हणा, तिथले लोकही म्हणतात.

डॅनिशचं उलटं आहे. कागदावर ती खरोखर सोपी. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, इंग्रजी येत असेल तर बातम्यांचे मथळे काही महिन्यांत कळायला लागतात आणि नॉर्वेजियन वाचन जवळपास फुकटात पदरात पडतं. पण मीटिंगमध्ये तेच शब्द कानावर आले की ओळखू येत नाहीत. निम्मी व्यंजनं गिळलेली असतात, स्वर ढीगभर, आणि मऊ ‘द’ कानाला ल सारखा लागतो. ‘ती’ आणि ‘कुत्रा’ या दोन शब्दांत फरक काय, तर दोन्ही ‘हुन’, दुसऱ्यात घशात किंचित अडखळ. तिला ‘स्टोड’ म्हणतात. डॅनिश मुलंही सुरुवातीला शब्द सावकाश उचलतात असं तिथल्याच भाषाशास्त्रज्ञांना आढळलंय. तेव्हा कान तयार व्हायला वेळ लागला तर धीर सोडू नका.

डॅनिश आकड्यांना जग नावं ठेवतं, मला ते फार आवडले. पन्नासला ‘हाल्वट्रेस’, म्हणजे मुळात ‘अर्धा तिसरा’ गुणिले वीस, अर्थात अडीच विसा. सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा. आपलं ‘अडीच’ही ‘अर्धतृतीय’वरूनच आलंय. ज्यांच्या घरी आजोबांनी अडीचकी म्हणून दाखवली असेल, त्यांना हा हिशेब परका वाटणार नाही. एकवीस, बावीसप्रमाणे एकक आधी आणि दशक नंतर, हेही आपल्यासारखंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला! डॅनिश मुलं आजही ‘एक-आणि-वीस’च म्हणतात.

साधनांत डॅनिश कितीतरी पुढे. ‘डेन डान्स्के ओर्डबो’ हा मोठा शब्दकोश उच्चारांच्या ध्वनिफितींसह ऑनलाइन फुकट आहे, डुओलिंगोवर अभ्यासक्रम आहे, सरकारी वाहिनीचे मुलांचे कार्यक्रम आहेत. अडचण सरावाची. आपण अडखळलो की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. तिकडे कायम राहायचा विचार असेल तर मात्र भाषेची परीक्षा चुकत नाही. नागरिकत्वासाठी साधारणपणे तिसऱ्या पातळीची लागते.

आर्मेनियनला साधनं कमी, माणसं उत्साही. बहिणीने येरेवानच्या गुम बाजारातून व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा सुकामेवा विकणाऱ्या आजींनी मला जर्दाळूचा भाव नीट म्हणता येईपर्यंत फोन सोडला नाही.

आर्मेनियनचा वर्ग लावताना फी भरण्याआधी एक गोष्ट विचाराच: पूर्वेकडची शिकवणार की पश्चिमेकडची? मी पैसे भरलेल्या एका वर्गात दोन्हींची सरमिसळ होती, त्यात बराच वेळ वाया गेला. आर्मेनियात आणि इराणमध्ये पूर्वेकडची चालते. लेबनॉन, इस्तंबूल इथल्या आर्मेनियन लोकांची पश्चिमेकडची, जिला युनेस्कोने धोक्यातली भाषा म्हटलंय. तिच्यात ब-प-फ ही तिहेरी विभागणी दोनवर येते आणि शुद्धलेखनही जुन्या पद्धतीचं आहे. आर्मेनियन व्हर्च्युअल कॉलेजमध्ये दोन्हींचे वेगवेगळे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. येरेवानला जाणार असाल तर पूर्वेकडचाच घ्या.