ताप असताना रक्त आणा म्हणणारी तपासणी

आमची चांदी गवळाऊ जातीची गाय, दुसऱ्या वेताची. चैत्रात तिला ताप भरला. रवंथ बंद, दूध निम्म्यावर. गावात येणाऱ्या एकानं ताप उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि तिसऱ्या दिवशी गाय कडबा ओढायला लागली. आठवड्यानं पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "ताप गेलाच नोहता, दडून बसला होता." लघवी मात्र लाल नव्हती, म्हणजे बबेसिया या गोचिडानं येणाऱ्या रोगाची ती खूण दिसत नव्हती.

मग वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला जनावरांचं रक्त तपासणाऱ्या काकांकडे गेलो. कानाच्या टोकाचं रक्त काचपट्टीवर पसरून नेलं होतं, पण त्या दिवशी ताप नव्हता. काकांनी अर्धा तास सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "आज काई दिसत नाई. म्हनून रोगच नाई असं मी लिहून देत नाई. ताप चढन त्या दिवशी रगत आना, दुसऱ्यांदाचे पैसे नाई." या एका बोलण्यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते.

चौथ्या दिवशी पहाटे थर्मामीटर १०५ वर गेला. तसंच रक्त घेऊन निघालो. या वेळी काकांनी मलाही दाखवलं: गुलाबी पेशींच्या मधे केसाहून बारीक, वेटोळ्यांचा धागा. तोच या तापाचा जंतू, बोरेलिया थायलेरी. हा थायलेरिया, म्हणजे गायीच्या दुसऱ्या एका तापाचा जंतू, नव्हे, हे त्यांनी दोनदा बजावलं. दोन्ही नावं आर्नोल्ड थायलर या जनावरांच्या रोगांच्या संशोधकावरून पडलीत, दोन्ही रोग गोचिडानंच येतात, पण औषधं वेगळी. थायलेरियाला बुपार्वाकोन लागतं, याला टेट्रासायक्लिन.

ताप पुन्हा का येतो, हे त्यांनी पोळ्याच्या झुलीवरून सांगितलं. शरीर या जातीच्या जंतूंना अंगावरच्या प्रथिनांच्या झुलीवरून ओळखतं. काही दिवसांत त्या झुलीविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं, तयार होतात, जंतू मरतात, ताप उतरतो. पण दोन-चार जंतूंनी तोवर झूल बदललेली असते. ते वाढले की पुन्हा ताप, पुन्हा नवी प्रतिपिंडं. हे बारकावे उंदरांवर, बोरेलिया हर्मसाय या भावकीतल्या जंतूवर उलगडलेत. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे टी आणि बी असे प्रकार असतात; टी पेशी नसलेले उंदीरसुद्धा बी पेशींनी बनवलेल्या आयजीएम या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या बळावर तो रक्तातून हटवतात. तेव्हा मला कळलं की आमचं पहिलं इंजेक्शन लागू पडलं असं वाटलं, ते काम बहुधा चांदीच्या रक्तानंच केलं होतं.

गायीत हा रोग सहसा सौम्य असतो, पण सोबत बबेसिया किंवा अ‍ॅनाप्लाझ्मा हे गोचिडानं येणारे रक्तातले दुसरे जंतू असू शकतात, म्हणून काकांनी पट्टीवर तेही शोधलं. नव्हते. चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं तेवढे दिवस दूध आम्ही ओतून दिलं. त्यानंतर ताप नाही.

उणं सांगायचं तर अहवाल हातानं लिहिलेला असतो, अक्षर वाचायला डॉक्टरांनाही वेळ लागला. बसायला सावली नाही. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर पोचावं, कारण एकच माणूस सगळं पाहतो.

हा जंतू गोचिडाच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो आणि एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, हेही काकांकडूनच कळलं. घरी आल्यावर गोठ्याच्या भिंतीतल्या फटी बुजवल्या. येताना दोन कोऱ्या काचपट्ट्या मागून आणल्यात, थर्मामीटरच्या डब्यातच ठेवल्यात.