तळहातावरचे सेल्फ-टॅनरचे डाग: फोम, मिट आणि ग्लायकोलिकची झाडाझडती

सेल्फ-टॅनर, म्हणजे उन्हात न जाता त्वचेला तपकिरी रंग (टॅन) देणारं प्रसाधन, लावलं की पायांना रंग झकास चढलेला असतो आणि तळहात बघावेत तर नारिंगी. बोटांच्या बेचक्यांत गडद, मनगटाच्या आतल्या बाजूला ठळक रेघ आणि हस्तरेषा कुणी पेनाने गिरवून ठेवल्यासारख्या. हे काढायला तीन प्रकारच्या वस्तू मिळतात: हा रंग काढणारा टॅन रिमूव्हर फोम, मृत कातडी घासून काढणारा खरबरीत हातमोजा म्हणजे एक्सफोलिएटिंग मिट आणि ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर, म्हणजे कापसाने लावायचं पातळ द्रव. निकाल आधीच सांगून टाकतो. एकच वस्तू घ्यायची असेल तर मिट घ्या. चिवट डाग असेल तर जोडीला ग्लायकोलिक. फोमची जाहिरात सगळ्यात मोठी आणि तळहातावर काम सगळ्यात कमी.

असं का, ते डागाच्या स्वभावात आहे. सेल्फ-टॅनरमधला डायहायड्रॉक्सीॲसिटोन, म्हणजे डीएचए, हा स्वतः रंग नाही. त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनामधील अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होतो आणि त्यातून तपकिरी रंग तयार होतो. पदार्थ भाजताना जी मेलार्ड अभिक्रिया होते, तीच ही. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत संशोधक ईवा विटगेनस्टाइन आजारी मुलांना डीएचए औषध म्हणून तोंडाने देत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की औषध सांडलं तिथली कातडी तपकिरी होते, कपड्यावर मात्र तसा डाग पडत नाही. सगळी मेख इथेच आहे. डाग त्वचेवर बसलेला नसतो, त्वचाच रंगलेली असते. तेव्हा जी वस्तू ती मृत कातडी उचलते ती उपयोगी, बाकीच्या नुसत्या सुवासिक. तळहातावर हा मृत थर अंगापेक्षा कितीतरी जाड असतो, म्हणून डीएचएला तिथे भरपूर खाद्य मिळतं आणि रंग सहजी सुटत नाही.

कुठलीही बाटली उघडण्याआधी एक चाचणी करा. पांढरं फडकं साबणाच्या पाण्यात भिजवून तळहातावर जोराने फिरवा. फडक्यावर तपकिरी रंग उतरला तर तो निव्वळ ‘गाइड कलर’ आहे, म्हणजे कुठे लावलं ते कळावं म्हणून टॅनरमध्ये घातलेला रंग. तो साबणानेच जातो, खर्चाची गरज नाही. फडकं कोरं राहिलं तर डाग डीएचएचा. टॅनर लावून तास-दीड तासच झाला असेल, तर मात्र सगळं सोडून आधी साबण आणि नखांचा ब्रश घेऊन हात धुवा. रंग साधारण दोन ते चार तासांनी दिसू लागतो आणि पुढे दिवसभर गडद होत राहतो. न मुरलेला डीएचए पाण्यात सहज विरघळतो. या वेळी पाच मिनिटं घातली तर पुढचे तीन दिवस वाचतात.

आता फोम. बहुतेक फोमची कृती एकच: कोरड्या त्वचेवर लावा, पाच मिनिटं थांबा, कोमट पाण्याने चोळून धुवा. घटकांच्या यादीत बहुधा सोडियम बायकार्बोनेट किंवा थोडं फळांचं ॲसिड, त्वचा ओली ठेवणारी ग्लायकॉल्स आणि फेस करणारे घटक सापडतील. हातापायांवर चार-पाच दिवसांचा, ठिकठिकाणी उडालेला टॅन काढायला ही चीज खरोखर चांगली आहे. तळहातावर मात्र दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे फेस मिनिटभरात बसतो आणि सुकतो, मग आत काही मुरतच नाही. दोन्ही तळव्यांना मिळून दोन पंप घ्या, बेचक्यांत नीट भरा आणि वरून पातळ डिस्पोजेबल हातमोजे चढवा. फेस ओला राहतो. वेळ मात्र लेबलवर असेल तेवढीच. हातमोज्यात आहे म्हणून अर्धा तास ठेवलं की चुरचुर सुरू होते. दुसरी अडचण जाडीची. पाच मिनिटांत वरचा पापुद्रा सैल होतो, खालचा रंगलेला थर जागच्या जागी असतो. लेबलवरच्या कृतीत शेवटी ‘चोळून धुवा’ असतं ना, खरं काम ते चोळणं करतं.

म्हणून मिट. मऊ स्पंजचा, आंघोळीचा साबण फेसाळायला मिळतो तो नव्हे. व्हिस्कोज धाग्याच्या घट्ट विणीचा, हाताला बारीक वाळूच्या कागदासारखा लागणारा. हात आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. बोटांची टोकं पांढरट आणि सुरकुतलेली दिसली की कातडी भिजली. हात बाहेर काढून पाणी निथळू द्या आणि, इथे बहुतेक जण चुकतात, साबण लावू नका. साबण लावला की मिट घसरतो आणि पकड जाते. मिट पिळून घ्या आणि मनगटाकडून बोटांकडे, एकाच दिशेने, दाबून आखूड फटकारे मारा. आठ-दहा फटकाऱ्यांनंतर करड्या-तपकिरी मळाच्या वळ्या निघू लागतात. त्या वळ्यांचा रंग बघा: तपकिरी असेल तर डाग निघतोय, पांढरट असेल तर त्या जागचं काम झालंय आणि तुम्ही उगाच चांगली कातडी सोलताय. एका हाताला दोन मिनिटं पुष्कळ झाली. तळवा गुलाबी झाला की थांबा. डागाच्या हात धुऊन मागे लागलं की हाताचीच साल निघते, आणि सोललेल्या खरखरीत जागी पुढचा टॅनर दुप्पट गडद बसतो.

हस्तरेषांत मिट पोचत नाही. तिथे जुना मऊ टूथब्रश लागतो. दुसऱ्या हाताने बोटं मागे ताणून तळवा उघडा म्हणजे घडी सपाट होते, मग रेषेच्या दिशेने ब्रश फिरवा, आडवा नाही. आडव्या ब्रशने रेषेच्या कडा घासल्या जातात आणि तळ तसाच राहतो. नखांच्या मुळाशी थोडं तेल लावून पाच मिनिटांनी कापसाच्या काडीने कातडी मागे रेटत पुसा.

मनगटाची रेघ हा वेगळा विषय. हाताच्या पाठीवरचा चांगला टॅन वाचवायचा असेल तर काम सुरू करण्याआधी पाठीवर आणि बोटांच्या कडांना पेट्रोलियम जेली लावा. रेघेवर मात्र जेली नको. तिथे मिट अगदी हलका, वरून खाली घेत न्यायचा. रेघ पुसण्याचा हट्ट धरू नका, ती धूसर झाली तरी पुरे. कडक हाताने पुसली तर तपकिरी रेघेच्या जागी पांढरी रेघ येते, आणि ती जास्त डोळ्यात भरते.

ग्लायकोलिकची गंमत अशी की ते पहिल्या दिवशी काहीच करत नाही. पाच ते दहा टक्क्यांचा, लावून ठेवायचा टोनर घ्या. रात्री कोरड्या तळहातावर कापसाने एकदाच पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, मग साधं क्रीम लावून सुती हातमोजे घाला. ॲसिड मृत पेशींमधली पकड ढिली करतं, त्यामुळे दोन-तीन रात्रींनी डाग आपोआप फिका होतो, तोही सगळीकडे सारखा. घाई नसेल तर तिन्हींत सगळ्यात सफाईदार निकाल याचा. मिट वापरला त्याच रात्री मात्र हे लावू नका, झोंबतं. चीर, खरचटणं किंवा इसब असेल तर मुळीच नको. घरात दहा टक्के युरियाचं हँडक्रीम असेल तर ॲसिडनंतरचं साधं क्रीम म्हणून तेच चालेल.

घरगुती उपायांत लिंबू आणि खाण्याचा सोडा यांची जोडी सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवी. लिंबू आम्ल, सोडा अल्कली. एकत्र आले की फसफसून एकमेकांना मारतात. हातात उरतात ते न विरघळलेले कण, आणि काय घासलं जाईल ते त्यांनी. मग लिंबू कशाला? पाण्यात कालवलेल्या सोड्याने तेवढंच होतं. शिवाय लिंबाचा रस अंगावर राहून उन्हात गेलात तर त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. टूथपेस्टमधले बारीक कण बोटांच्या सांध्यांवर थोडंफार घासतात, तळव्यावर ती कमी पडते. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनमध्ये हा रंग विरघळत नाही, हात मात्र कोरडेठाक पडतात. कपड्यांचं ब्लीच आणि केस काढण्याचं क्रीम यांचा विचारही नको. दुसरं तर केराटिनच तोडण्यासाठी बनवलेलं असतं.

मिट वापरून झाला की साबणाने धुऊन उलटा टांगा. ओला गुंडाळून ठेवला तर दोन दिवसांत कुबट वास येतो. वीण गुळगुळीत लागायला लागली आणि वळ्या निघेनाशा झाल्या की तो टाकून द्या.