भाड्याच्या खोलीला सबमीटर की महावितरणचा स्वतंत्र मीटर?

तालुक्याच्या गावी घरामागच्या दोन खोल्या शिक्षक, तलाठी, नर्सबाई अशांना भाड्यानं देणाऱ्यांचा विजेवरून वाद होतोच. तोही मार्च ते जूनमध्ये, कारण विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो. 200 वॅटचा कूलर रोज 15 तास चालला तर दिवसाला 3 युनिट, म्हणजे महिन्याला 90.

सबमीटर, म्हणजे तुमच्याच जोडणीवर भाडेकरूची वीज मोजणारा वेगळा मीटर, स्वस्त पडतो. वायरमन तासाभरात लावून देतो. पण घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिल्या 100 युनिटांचा दर कमी, 101 ते 300 चा बराच जास्त, पुढं आणखी चढता. तुमचे 95 आणि भाडेकरूचे 130 एकाच बिलात आले की 225 होतात, आणि स्वस्त टप्पा एकदाच मिळतो. मग वरचे महाग युनिट कोणाचे? भाडेकरू म्हणतो, "काका, मी तर पंखाच लावतो." यावर सरळ उत्तर नाही. सरासरी दर काढून आधीच सांगून ठेवावं, बिलही दाखवावं.

स्वतंत्र मीटर घेतला तर दोघांनाही आपापला स्वस्त टप्पा मिळतो, हिशेबाची कटकट मिटते. अर्ज करावा लागतो, अनामत भरावी लागते, खोली रिकामी असली तरी स्थिर आकार भरावा लागतो. जोडणी तुमच्या नावावर असेल तर थकबाकीही तुमच्याच माथी, म्हणून भाडेकरूचं डिपॉझिट परत करण्याआधी शेवटचं रीडिंग घ्याच.

वर्षभर राहणारं कुटुंब असेल तर मी स्वतंत्र मीटरच घ्यायला सांगेन. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या एकट्या नोकरदाराला सबमीटर पुरतो.