कोरलवरच्या किडीसाठी डिप: तेलकट की पोटॅशियमचा?

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा या फांदीदार कोरलच्या (प्रवाळाच्या) फांदीवर बुडापासून चपट्या कृमीने खाल्ल्याचे फिकट गोल ठिपके चढत गेलेले दिसले, फांदीचा रंग उतरला, की डिप द्यायचा, म्हणजे कोरल थोडा वेळ औषधी पाण्यात बुडवायचा, की नाही हा प्रश्न उरत नाही. कुठला द्यायचा, एवढंच ठरवायचं असतं. मी दोन्ही वापरले आहेत: वनस्पती-तेलांचा तयार द्रवरूप डिप, आणि टाकीच्याच पाण्यात पोटॅशियम क्लोराइड विरघळवून केलेला. किडे दोन्हींनी पडतात, त्यामुळे एकाला सरसकट वाईट म्हणणार नाही.

तेलकट डिपची सोय मोठी आहे. झाकणाने मोजा, पाण्यात ओता, ढवळा, झालं. चपटे कृमी, माँटिपोरा हा कोरल खाणाऱ्या पांढऱ्या गोगलगायी, बारीक कवचधारी जीव, सगळ्यांवर थोडाफार चालतो. फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) कुठून आला आणि त्यावर काय असेल याचा अंदाज नसेल, तर हा गुण मोलाचा आहे. वास उग्र असतो, पण तो सहन होतो. धुताना कसर राहिली आणि तेलाचा अंश टाकीत गेला, तर स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेसाळून वाहू लागतो. दोन बादल्यांत नीट खंगाळलं तर तेही टळतं.

मला खटकलं ते पाणी. तेलकट डिप घातला की पाणी पांढरं, गढूळ होतं आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. ही तक्रार वरवरची वाटेल, पण अ‍ॅक्रोपोरावरच्या चपट्या कृमीच्या बाबतीत सगळं तिथेच अडतं. 2011 साली शास्त्रीय नाव मिळालेला हा कृमी मुळात पारदर्शक. कोरलची ऊती आणि तिच्यातलं शैवाल तो खातो आणि त्याच कोरलच्या रंगाचा दिसू लागतो. कोरडी फांदी हातात धरून भिंगाने पाहिली तरी तो सहज सुटतो. मग गढूळ पाण्यात तो पडला की नाही, कसं कळणार? पाणी गाळून, गाळ पांढऱ्या ताटलीत ओतून शोधता येतं, पण चार-पाच फ्रॅग एकत्र असले तर कुठल्या फ्रॅगवरून काय आलं ते समजत नाही.

पोटॅशियमच्या डिपमध्ये पाणी नितळ राहतं. पांढऱ्या तळाच्या डब्यात फांदी ठेवायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मोठ्या पिपेटने फांद्यांच्या बेचक्यांत जोरात पाणी मारायचं. आधी कृमीची कड वर उचलली जाते, मग अख्खा पापुद्रा सुटून गरगरत खाली येतो आणि तळाशी मुडपून पडतो. पांढऱ्या तळावर त्याच्या पोटातला तपकिरी रंग लगेच उठून दिसतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. डिपमध्ये ते कित्येक पटींनी वाढवलं की कृमीच्या नसा आणि स्नायू काम करेनासे होतात, त्याची पकड सुटते. म्हणजे उपचारासोबत तपासणीही होते. या खेपेला किती पडले, मागच्या खेपेपेक्षा कमी का, डिप कधी थांबवायचे, हे मी आता तळाकडे बघून ठरवतो. पारडं माझ्यापुरतं इथेच झुकलं.

त्याचीही पथ्यं आहेत. हा क्षार विरघळताना पाण्यातली उष्णता घेतो, पाणी थंड होतं. म्हणून द्रावण आधी करून टाकीच्या तापमानाला आणावं लागतं. क्षार शुद्ध हवा, खतात मिसळलेला नको. मांसल कोरल नंतर बराच वेळ मिटून बसतात असं मला वाटतं, तेव्हा आधी एका लहान तुकड्यावर करून बघा.

अंड्यांपुढे मात्र दोन्ही डिप सारखेच हतबल. बुडाशी उघड्या सांगाड्यावर चिकटलेले तपकिरी-सोनेरी पुंजके खरवडायलाच हवेत. त्याहून बरं म्हणजे उघड्या सांगाड्याच्या वर, जिवंत भागात फांदी कापून नव्या प्लगवर (कोरल चिकटवायच्या लहान बैठकीवर) बसवायची आणि जुनं बूड टाकून द्यायचं. नंतर आठवड्याला एक, असे निदान सहा आठवडे डिप चालू ठेवावेत, कारण अंडी एकदम फुटत नाहीत.

सिक्स-लाइन किंवा मेलॅन्युरस रास हा कृमी टिपणारा मासा टाकीत सोडावा, असं पुष्कळजण सुचवतात. मदत होते, नाही असं नाही. पण मासा दिसतील ते कृमी टिपतो, अंडी तशीच राहतात. रोग दबतो आणि तो आहे हे कळायलाच उशीर होतो. खडकाला पक्का चिकटलेला मोठा कोरल काढताच येत नसेल, तर मात्र मासाच सोडावा लागतो.

एका ठिकाणी मी अजूनही तेलकट डिपच काढतो: नव्या फ्रॅगवर लाल ठिपक्याचे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे पिवळसर किडे दिसले तर. ते कवचधारी आहेत आणि पोटॅशियमवर त्यांच्यासाठी माझा तितका भरवसा नाही. ते टाकीभर पसरले असतील तर कुठलाच डिप पुरत नाही. तिथे मिल्बेमायसिन ऑक्सिम हे कुत्र्यांना देतात ते जंतनाशक अख्ख्या टाकीत द्यावं लागतं आणि त्याआधी कोळंबी, खेकडे दुसरीकडे हलवावे लागतात, कारण तेही कवचधारीच.