रिव्हेट नटची गन: जुन्या ४०७ वर एक पावसाळा वापरून

माझी टाटा ४०७, छोटा ट्रक, २००३ ची. वडिलांनी घेतलेली, के ए २२ म्हणजे बेळगाव पासिंग. येळ्ळूरहून भाजी भरायची, सुगीनंतर तांदूळ, आणि आठवड्यातून दोनदा जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यात. कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला पत्र्याचं काय होतं ते सांगायला नको. इंजिन अजून ठणठणीत आहे. रडगाणं सगळं नट-बोल्टचं. डावं मडगार्ड सातातल्या तीन बोल्टांवर उभं होतं, उरलेल्या जागी मी तार आवळलेली. पुढच्या जाळीचे खालचे दोन नट गायब. पायरीच्या वरची पट्टी तर खड्ड्यात गाडी गेली की टाळ वाजवायची. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, आणि तार बांधलेलं मडगार्ड घेऊन तिथं उभं राहायला मलाच लाज वाटत होती.

हे नट मुळात पत्र्याच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेले असतात. बोल्ट गंजून नटात धरला की पाना लावल्यावर बोल्ट सुटत नाही, नटाचा टाकाच तुटतो, आणि मग दोघं जोडीनं गरागरा फिरत राहतात. बावीस वर्षं पाणी खाल्ल्यावर हे होणारच, त्यात कुणाचा दोष नाही. माझा एक नट तर तुटून आतल्या पोकळीत पडला होता. वर्षभर गाडीत खुळखुळा. शेवटी काठीला लोहचुंबक बांधून काढला.

ऑटोनगरच्या आमच्या मेस्त्रींना दाखवलं तर त्यांनी कानशीनं जरा खरवडलं आणि मान हलवली. "मारतो की वेल्डिंग, पण हा पत्रा घेत नाही ओ. टाका मारला की भोक वाढतंय." आणखी एक मुद्दा त्यांनीच सांगितला, तो मला पटला. वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्र्याच्या मागचा रंगही जळतो. बंद पोकळीत तिथं ब्रश पोचत नाही, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गंज आतूनच सुरू. शिवाय मडगार्डच्या मागनंच वायरिंग गेलंय, ते सोडा, बॅटरीची वायर काढा, परत जोडा. स्वतःचं काम सोडून गिऱ्हाइकाला असं खरं सांगणारा मेस्त्री मिळणं नशिबाचं.

मग भाच्यानं ही गन दाखवली. पॉप रिव्हेट, म्हणजे गननं ओढून पत्रे जोडायचा खिळा, सगळ्यांना माहीत आहे. रिव्हेट नट त्याचाच भाऊ, फक्त आतून आटे असलेला. कॉलरवाली छोटी नळी भोकात बाहेरून घालायची, गननं ओढायची, की नळी पत्र्याच्या मागे फुगून पत्रा धरून ठेवते. मागनं हात घालायची गरजच नाही. झाला नट तयार, त्यात नेहमीचा बोल्ट लावा.

मे महिन्यात ऑनलाइन मागवली, १,८५० रुपयांना. दोन लांब दांड्यांची, दोन्ही हातांनी दाबायची. एका हाताची छोटी गन स्वस्त मिळते, पण ती शेजाऱ्याची आणून आधी वापरून बघितली होती. लोखंडी नटाला मनगट जातं. ज्याला ट्रकवर काम करायचं त्यानं लांब दांड्यांचीच घ्यावी.

गन चांगली. डब्यात आलेले नट मात्र कमी दर्जाचे. निम्म्याहून जास्त ॲल्युमिनियमचे. पहिल्याच दिवशी मी जरा जोर लावला आणि आटे पिठासारखे मँड्रेलला, म्हणजे गनच्या आटेवाल्या दांडीला, चिकटून बाहेर आले. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडी पत्र्यात बसवून वर पाणी पडत राहिलं की दोन धातूंच्या जोडाशी गंजणं आणखी वाढतं, आणि आमच्या गाडीला गोव्याची खारी हवा वेगळीच. ते नट मी पोराला खेळायला दिले. उद्यमबागच्या बाजूला एका हार्डवेअरच्या दुकानातून झिंक चढवलेले लोखंडी नट सुटे आणले, बाहेरून उभ्या रेघा पाडलेले. त्या रेघांमुळं नट भोकात फिरत नाही. गुळगुळीत अंगाचे घेऊ नका.

या खरेदीत एक गंमत झाली. गॅरेजमध्ये आपण बोल्टला पान्याच्या नंबरानं ओळखतो. दहाचा बोल्ट म्हणजे दहाचा पाना लागतो तो. दुकानदार ओळखतो आट्याच्या जाडीनं. मी रुबाबात म्हटलं, दहाचे रिव्हेट नट द्या. तो कानडीत म्हणाला, "एष्ट बेक्रि?", म्हणजे किती हवेत. मी वीस म्हटलं, पैसे दिले, घरी आलो. निघाले एम-१०, म्हणजे दहा मिलिमीटर जाड आट्याचे, अंगठ्याएवढे. दहाच्या पान्याचा बोल्ट म्हणजे एम-६. तेराच्या पान्याचा एम-८. दुकानात जाताना जुना बोल्टच खिशात घालून जा.

आता मुख्य गोष्ट, भोक. एम-६ च्या नटाला ९ मिलिमीटरचं भोक लागतं, एम-८ ला ११. यात अर्धा मिलिमीटरही इकडंतिकडं चालत नाही. सैल झालं की नट बसल्यासारखा दिसतो, बोल्ट आवळला की फिरतो. मी हौसेनं पायऱ्यांचा ड्रिल बिट घेतला, ४ ते २० चा. घरी येऊन बघतो तर पायऱ्या दोन-दोन मिलिमीटरच्या: आठ, मग थेट दहा. नऊ नाहीच! ४ ते १२ वाल्यात एकेक मिलिमीटरच्या पायऱ्यांचाही मिळतो, तो बघून घ्यायला हवा होता. शेवटी साधा नऊचा बिट आणला, आधी आठनं मोठं केलं, मग नऊनं हळू फिरवलं, आणि काठाची बर, म्हणजे ड्रिलनं उठलेली धार, कानशीनं काढली.

जुना तुटका नट अर्धवट चिकटलेला असेल तर आधी तो छिन्नीनं उडवायचा. मग भोकाच्या काठाला रेड ऑक्साइडचा रंग. हे टाळू नका, कापलेला उघडा पत्रा पहिल्या पावसात लाल होतो.

दाबतानाचा अंदाज हातालाच येतो. दांडे उघडायचे, नट मँड्रेलवर एवढा फिरवायचा की आट्याचं टोक पलीकडून जरासं दिसेल. भोकात घालून कॉलर पत्र्याला टेकवायची, गन सरळ धरायची. सुरुवातीला दांडे लोण्यासारखे मिटत येतात, मग एकदम कडक लागतात. तिथं थांबायचं. "अजून थोडं" म्हणून दाबलं की आटे गेले. मी आधी जुन्या मडगार्डच्या तुकड्यावर पाच-सहा नट वाया घालवले. तेलाच्या डब्यावर सराव करू नका, तो पत्रा फार पातळ, त्यावरून काही कळत नाही.

एकूण अकरा जागा होत्या. नऊ ठिकाणी नट नीट बसले. एक सैल भोकामुळं फिरला आणि तो काढण्यात अख्खी दुपार गेली, कारण ड्रिल लावला की नट बिटाबरोबर फिरतोय. शेवटी ग्राइंडरनं कॉलर उडवली आणि उरलेला आत ढकलला. पुन्हा लोहचुंबकाची काठी. त्या जागी एम-८ चा नट बसवला, ११ चं भोक करून. मडगार्डला जाडजूड वायसर लावला की वेगळा बोल्ट दिसत नाही.

अकरावी जागा मडगार्डच्या खालच्या काठाची. पत्रा बिस्किटासारखा झालेला, नट धरणार कशाला? तिथं पत्र्याची यू क्लिप चालली. काठावरून सरकवायची, तिच्यातच नट असतो, गन नको, ड्रिलही जवळपास नको. काठ जवळ असेल आणि भोक तिच्या मापात येत असेल तर मी आधी क्लिपच बघेन. रिव्हेट नट मधल्या जागांसाठी, जिथं मागनं हात जात नाही.

जाळीवर एक उणीव राहिली. नटाची कॉलर पत्र्याच्या वर उभी राहते, त्यामुळं जाळी दीड मिलिमीटर पुढं आलीय. पातळ कॉलरचे नट मिळतात, तेव्हा माहीत नव्हतं. उभं राहून बघणाऱ्याला दिसत नाही, मला रोज दिसतं.

आणि बंपर, पायरीचा आधार, डिझेल टाकीचा पट्टा असल्या वजन पेलणाऱ्या जागी हे लावू नका. मी पायरीच्या वरच्या पट्टीला लावलं, पायरीला नाही. तिथं मेस्त्रींकडून आरपार बोल्टच घातला.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चोर्ल्याच्या खड्ड्यांतून गाडी नेली. गेल्या आठवड्यात सगळे बोल्ट सोडून बघितले. बोल्टला थोडं ग्रीस लावून बसवले होते, सगळे हातानं सुटले, एकाही नटानं जागा सोडली नाही. मडगार्ड वाजत नाही, तार भंगारात गेली. गन आता गावभर फिरतेय, सध्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आहे. पाचपैकी चार तारे गनला, एक तारा कापला डब्यातल्या नटांसाठी.

एम-१० चे वीस नट अजून तसेच पडलेत. कुणाला लागत असतील तर येळ्ळूरला या, फुकट घेऊन जा.